सतरावा क्रमांक आणि अठरावा क्रमांक

इंग्लंडमधील प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेचा २०१८-१९ चा हंगाम संपला, तेव्हा ब्रायटनचा संघ ३६ गुण मिळवून सतराव्या क्रमांकावर राहिला आणि कार्डिफचा संघ ३४ गुणांनिशी अठराव्या क्रमांकावर. वीस संघांच्या या स्पर्धेत शेवटच्या तीन संघांची रवानगी खालच्या श्रेणीत होते. त्यामुळे दोन गुणांच्या या फरकाने एक संघ राहिला आणि दुसरा गेला. त्याच वर्षी ३१ मार्चला कार्डिफच्या मैदानावर चेल्सीविरुद्धचा सामना झाला होता. कार्डिफ एका गोलने आघाडीवर असताना चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला चेल्सीने बरोबरी साधली. गोल करणारा खेळाडू उघडउघड ऑफसाइड होता, हे साऱ्या मैदानाने पाहिले. सीमारेषेवरील पंचाचे निशाण मात्र वर गेले नाही. अखेरच्या क्षणी चेल्सीने आणखी एक गोल केला आणि सामना जिंकला. तो सामना कार्डिफने जिंकला असता, तर हंगामाअखेर त्यांचे ३७ गुण झाले असते.

अडतीस सामन्यांच्या हंगामाचे भवितव्य एका निशाणावर ठरते असे म्हणणे न्यायाचे नाही. कार्डिफने इतर सामनेही गमावलेच होते. तथापि त्यानंतर या दोन क्लबांची वाटचाल कशी झाली हे पाहिले, म्हणजे मन अस्वस्थ झाल्यावाचून राहत नाही. ब्रायटनने पुढील चार वर्षांत आपला पाया पक्का केला आणि २०२२-२३ मध्ये सहावा क्रमांक पटकावून युरोपीय स्पर्धेत प्रवेश मिळविला. कार्डिफ मात्र वर परतला नाही. २०२५ च्या वसंतात तो दुसऱ्या श्रेणीतही तळाला गेला आणि तिसऱ्या श्रेणीत फेकला गेला. दोन्ही संघांच्या गुणवत्तेत २०१९ मध्ये जे अंतर होते ते दोन गुणांचे. त्यानंतर त्यांच्यात जे अंतर पडले ते मात्र पैशाचे होते. गुणतक्त्यावरील एका क्रमांकाची किंमत काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ क्रीडापानावरचा राहिलेला नाही. एखाद्या गावाने शंभर-सव्वाशे वर्षे सांभाळलेली संस्था कोणत्या नियमांवर जगते आणि कोणत्या नियमांवर मरते, असा तो प्रश्न आहे.

प्रथम हिशेब पाहू. प्रीमियर लीगचे मुख्य उत्पन्न दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणाच्या हक्कांतून येते. ब्रिटनमधील हक्कांच्या उत्पन्नातून निम्मा वाटा सर्व क्लबांना समान मिळतो. पाव वाटा गुणतक्त्यावरील अंतिम क्रमांकानुसार वाटला जातो आणि उरलेला पाव वाटा ज्या संघाचे सामने जितक्या वेळा थेट दाखविले जातात त्या प्रमाणात दिला जातो. परदेशांतील हक्कांचे उत्पन्न पूर्वी सर्वांत समान वाटले जाई. २०१९ नंतर त्यातील वाढीव भागही क्रमांकाप्रमाणे वाटण्याचे ठरले. मात्र सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या क्लबाच्या एकूण वाट्याचे प्रमाण १.८ : १ पेक्षा अधिक होऊ नये अशी मर्यादा घालण्यात आली.

२०१८-१९ च्या हंगामात समान वाट्याची रक्कम प्रत्येक क्लबास सुमारे सव्वाआठ कोटी पौंड एवढी होती. एका पौंडाचे आज शंभराहून अधिक रुपये होतात, हे ध्यानात ठेवले म्हणजे या आकड्यांचे वजन कळेल. क्रमांकाचे बक्षीस शेवटच्या संघाला एक हिस्सा, त्याच्यावरच्याला दोन, अशा रीतीने अजिंक्य संघाला वीस हिस्से या प्रमाणात दिले जाते. त्या वर्षी एक हिस्सा सुमारे १९ लाख पौंडांचा होता. म्हणजे एक पायरी वर चढण्याचे मोल १९ लाख पौंड. ही रक्कम लहान नाही. परंतु ज्या क्लबाला तळाला राहूनही साडेनऊ कोटींहून अधिक मिळतात, त्याच्या ताळेबंदात ती फार मोठीही नाही. मौज अशी की, त्या वर्षी विजेत्या मँचेस्टर सिटीला १५ कोटी १० लाख पौंड मिळाले आणि दुसऱ्या आलेल्या लिव्हरपूलला १५ कोटी २४ लाख! लिव्हरपूलचे सामने पडद्यावर अधिक वेळा दिसले, एवढेच त्याचे कारण. २०१५-१६ मध्ये लेस्टरच्या संघाने सर्वांना थक्क करून अजिंक्यपद मिळविले. तेव्हाही प्रक्षेपणाच्या रकमेत दुसऱ्या आलेल्या आर्सेनलचा वाटा विजेत्यापेक्षा मोठा होता. तेव्हा क्रमांकाला किंमत आहे ती या बक्षिसामुळे, हा सर्वसाधारण समज खरा नाही.

खरी किंमत पायऱ्यांना नसून उंबरठ्यांना आहे. गुणतक्त्यात वीस पायऱ्या दिसतात, पण त्यांत कडे दोनच आहेत. पहिला कडा चौथ्या क्रमांकानंतर येतो. पहिल्या चार संघांना चँपियन्स लीग या युरोपीय स्पर्धेत प्रवेश मिळतो. युरोपातील कामगिरी चांगली असल्यास एखाद्या वर्षी पाचव्यालाही मिळतो. २०२४-२५ पासून या स्पर्धेच्या मुख्य फेरीत नुसते पाऊल ठेवल्याबद्दल प्रत्येक क्लबाला १ कोटी ८६ लाख युरो मिळू लागले. सामने जिंकल्याचे, पुढील फेरी गाठल्याचे आणि मैदानावरील तिकिटांचे पैसे वेगळेच. दुसरा कडा सतराव्या क्रमांकानंतर आहे आणि तो कितीतरी खोल आहे. या दोन कड्यांच्या मध्ये अकरावा, बारावा, तेरावा असे जे क्रमांक येतात, त्यांच्यासाठी हंगामाच्या उत्तरार्धात कोणी जिवाचे रान करताना दिसत नाही, याचे कारणही हेच.

सतराव्या आणि अठराव्या क्रमांकांच्या बक्षिसांत १९ लाखांचा फरक होता. पुढच्या वर्षी काय होते? सतराव्या क्रमांकाचा संघ पुन्हा त्याच पंगतीत बसतो आणि नऊ-दहा कोटींचा धनी होतो. अठराव्या क्रमांकाच्या संघाला खाली उतरताना हवाई छत्री म्हणून काही रक्कम दिली जाते. पहिल्या वर्षी समान वाट्याच्या ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५ टक्के आणि तिसऱ्या वर्षी २० टक्के, असे तिचे प्रमाण आहे. जो क्लब वरच्या श्रेणीत एकच हंगाम राहिला असेल, त्याला तिसऱ्या वर्षाची रक्कम मिळत नाही. कार्डिफ हा असाच एका वर्षाचा पाहुणा होता. त्याला पहिल्या वर्षी सुमारे सव्वाचार कोटी पौंड मिळाले. दोन वर्षांनी छत्री मिटली, तेव्हा तो दुसऱ्या श्रेणीतील सामान्य क्लबांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्या काळी अशा क्लबांचे या मार्गाने येणारे उत्पन्न एक कोटी पौंडांहूनही कमी होते. दहा कोटींवरून सव्वाचार कोटींवर आणि तेथून एक कोटीच्याही खाली, असा हा उतार आहे. खेळाडूंचे करार तर तीन-चार वर्षांचे असतात. उत्पन्न जिन्यावरून गडगडत येते, खर्च मात्र वरच्या मजल्यावरच राहतो.

या कड्याची किंमत एकदा चक्क लवादापुढे मोजली गेली. २००७ मध्ये शेफील्ड युनायटेड हा संघ विगनइतकेच गुण मिळवूनही केवळ एका गोलच्या फरकाने अठरावा आला. त्या हंगामात वेस्ट हॅमने कार्लोस तेवेझ या अर्जेंटिनी खेळाडूच्या कराराबाबत नियमभंग केला होता आणि त्यासाठी त्या क्लबाला ५५ लाख पौंड दंडही झाला होता. पण गुण कापले गेले नव्हते. अखेरच्या दिवशी तेवेझच्याच गोलने वेस्ट हॅमने मँचेस्टर युनायटेडला त्यांच्या मैदानावर हरविले आणि आपली जागा राखली. शेफील्डने दाद मागितली. तेवेझच्या खेळामुळे वेस्ट हॅमला किमान तीन गुणांचा लाभ झाला, असा निष्कर्ष लवादाने काढला आणि २००९ मध्ये उभयपक्षी तडजोड झाली. तिची रक्कम सुमारे दोन कोटी पौंड असल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. दंड ५५ लाखांचा आणि भरपाई दोन कोटींची! नियम मोडण्याची किंमत आणि नियम मोडून जे मिळते त्याची किंमत यांत किती तफावत पडली होती, हे यावरून दिसते. पुढे ही तफावत कमी करण्यासाठी गुण कापण्याचा मार्ग अवलंबिण्यात आला. २०२३-२४ मध्ये तोट्याची मर्यादा ओलांडल्याबद्दल एव्हर्टनचे प्रथम दहा, अपिलानंतर सहा, आणि नंतर आणखी दोन गुण कापले गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे चार गेले. आता गुणतक्ता केवळ मैदानावर ठरत नाही. तो हिशेबनिसांच्या आणि वकिलांच्या कचेऱ्यांतही ठरतो.

ही अवस्था अपरिहार्य होती काय? इंग्लिश फुटबॉलचा इतिहास तसे सांगत नाही. १९८३ पर्यंत पाहुण्या संघाला यजमानाच्या तिकीटविक्रीतून वाटा मिळत असे. दूरचित्रवाणीचे तुटपुंजे उत्पन्नही १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चारही श्रेणींतील ९२ क्लबांत वाटले जाई. मँचेस्टर युनायटेडसारखा मातबर क्लब १९७४ मध्ये दुसऱ्या श्रेणीत घसरला आणि पुढच्याच वर्षी परत आला. त्या घसरणीचे दुःख मोठे होते. पण ते मानाचे दुःख होते, दिवाळखोरीची भीती नव्हती. १९९२ मध्ये पहिल्या श्रेणीतील २२ क्लबांनी फुटून प्रीमियर लीग स्थापन केली, तेव्हा पैसा आपल्यापुरता राखण्याचा मार्ग मोकळा झाला. पुढे संघांची संख्या २० झाली आणि रकमा फुगत गेल्या. ब्रिटनमधील थेट प्रक्षेपणाचे हक्क २०१०-१३ या तीन वर्षांसाठी १७८ कोटी पौंडांना गेले होते. २०१३-१६ साठी ३०१ कोटींना आणि २०१६-१९ साठी ५१३ कोटींना गेले. शिडीची वरची पायरी सहा वर्षांत जवळजवळ तिप्पट उंच झाली. खालची पायरी होती तेथेच राहिली.

या उंचीचा फटका कसा बसतो, याचे एक उदाहरण मराठी वाचकांच्या घराजवळचे आहे. लँकेशायरमधील ब्लॅकबर्न हे एके काळी कापडगिरण्यांचे गाव. मुंबईच्या गिरण्यांशी स्पर्धा करणारे आणि स्वदेशीच्या चळवळीची झळ सोसलेले. याच परिसरातील डार्विन येथे १९३१ मध्ये गांधीजी गिरणी कामगारांना भेटले होते. गिरण्या गेल्या, १८७५ मध्ये स्थापन झालेला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब राहिला. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांपैकी तो एक. जॅक वॉकर या पोलादाच्या स्थानिक व्यापाऱ्याने आपली संपत्ती ओतून १९९५ मध्ये या क्लबाला प्रीमियर लीगचे अजिंक्यपद मिळवून दिले. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहाने तो सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला.

महिन्याभरातच अनुभवी प्रशिक्षक सॅम अलार्डाइस यांना दूर करण्यात आले. संघ तेव्हा तेराव्या क्रमांकावर होता. मे २०१२ मध्ये विगनकडून पराभव होऊन ब्लॅकबर्नची घसरण निश्चित झाली. त्या सामन्यात संतप्त प्रेक्षकांनी मैदानात एक जिवंत कोंबडी सोडली. मालकांच्या व्यवसायावर ती टीका होती. प्रेक्षकांच्या त्या वर्तनाचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण त्यामागील व्यथा समजण्यासारखी होती. प्रक्षेपणाच्या हक्कांत वर सांगितलेली मोठी वाढ झाली ती पुढच्याच वर्षी. ब्लॅकबर्न दार बंद होण्याआधी एका वर्षाने बाहेर पडला होता. २०१७ मध्ये तो तिसऱ्या श्रेणीत गेला, तोही गोलफरकाने. प्रीमियर लीगचे विजेतेपद मिळविल्यानंतर दुसरा कोणताही क्लब तोपर्यंत इतका खाली गेलेला नव्हता. वर्षभरात तो दुसऱ्या श्रेणीत परतला. २०२३ मध्ये बढतीच्या बाद फेरीतील जागा त्याने पुन्हा गोलफरकानेच गमावली. या सर्व काळात मालकांनी खरेदीच्या किमतीच्या अनेक पट रक्कम क्लबात घातली आहे. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण या व्यवहाराला कोणी लावली, तर रागावता येणार नाही. मालकांच्या पहिल्या दोन वर्षांतील निर्णयांवर टीका झाली आणि ती बव्हंशी योग्य होती. तथापि त्यानंतरची वर्षे त्यांनी पाठ फिरवली नाही, हेही नमूद केले पाहिजे. त्यांनी हात आखडता घेतला असता तर क्लब टिकता ना. पण ज्या व्यवस्थेत दुसऱ्या श्रेणीतील क्लब केवळ उभा राहण्यासाठी दूरदेशीच्या एका कुटुंबाच्या खिशावर अवलंबून राहतो, ती व्यवस्था निकोप कशी म्हणता येईल?

ब्लॅकबर्न हा अपवाद नाही. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतील क्लबांचा केवळ वेतनावरचा खर्च त्यांच्या एकूण उत्पन्नाहून अधिक, असे २०१७-१८ पासून सलग काही हंगाम घडले. शंभर रुपये मिळविणारा गृहस्थ एकशे सात रुपये नोकरांच्या पगारावरच खर्च करू लागला, तर शेजारी त्याला वेडा म्हणतील. येथे सारी आळीच तसे करीत होती. कारण ज्याने तसे केले नाही, तो मागे पडला. बढतीच्या जागा तीनच. चोवीसही क्लबांनी वेतन दुप्पट केले, तरी जागा तीनच राहतात. क्रमांक ही वस्तूच अशी आहे की, एकाने ती मिळवायची तर दुसऱ्याने गमवावीच लागते. गहू अधिक पिकवता येतो, पोलाद अधिक ओतता येते. पण सतरावा क्रमांक अधिक निर्माण करता येत नाही. अशा वस्तूसाठी जी चढाओढ लागते, तिच्यात वाढलेला खर्च सर्वांच्या माथी बसतो आणि लाभ मात्र एकूणात जेथल्या तेथे राहतो. सभागृहात पुढच्या रांगेतील प्रेक्षक उभे राहिले की मागच्यांना उभे राहावे लागते. अखेरीस सारे उभे असतात आणि कोणालाही पूर्वीपेक्षा अधिक दिसत नाही.

या चढाओढीचे बळी सर्वज्ञात आहेत. लीड्स युनायटेडने २००१ मध्ये चँपियन्स लीगची उपांत्य फेरी गाठली. पुढेही तेथे प्रवेश मिळत राहील हे गृहीत धरून भावी वर्षांच्या तिकीटविक्रीच्या तारणावर सहा कोटी पौंडांचे कर्ज काढण्यात आले. त्याच वर्षी लीगमध्ये त्यांचा चौथा क्रमांक आला, तेव्हा प्रवेश पहिल्या तिघांनाच होता. तिसऱ्या संघापेक्षा गुण एकने कमी होता. पुढील वर्षी प्रवेश चौघांना झाला, तर लीड्स पाचवा आला. २००४ मध्ये क्लब दुसऱ्या श्रेणीत गेला, २००७ मध्ये तिसऱ्या. प्रीमियर लीगमध्ये परतण्यास त्याला २०२० साल उजाडावे लागले. पोर्ट्समथने २००८ मध्ये एफए कप जिंकला आणि २०१० मध्ये तो नादार झाला. लेस्टरचे उदाहरण अलीकडचे. २०१६ चा हा विजेता २०२२-२३ मध्ये अठरावा आला. त्या वर्षी त्याचा वेतनखर्च २० कोटी ६० लाख पौंड होता आणि एकूण उत्पन्न त्याहून कमी. सर्वांत करुण कथा बरीची. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबाने २०१९ मध्ये चौथ्या श्रेणीत दुसरा क्रमांक मिळवून बढती मिळविली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, देणी भागविण्याची तजवीज दाखविता न आल्याने, त्याला फुटबॉल लीगमधून काढून टाकण्यात आले. गुणतक्त्यावर वर चढत असतानाच हा क्लब बुडाला. क्रमांक विकत घेता येतो. पण त्याचे हप्ते फेडता आले पाहिजेत.

यावर असा युक्तिवाद करण्यात येतो की, हा कडा आहे म्हणूनच खेळात जान आहे. शेवटच्या रविवारी तळाच्या चार संघांचे सामने जग श्वास रोखून पाहते, ते उगाच नव्हे. या म्हणण्यात तथ्य आहे. अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धांप्रमाणे संघांची संख्या कायम ठेवून घसरणच रद्द केली, तर निम्म्या सामन्यांना अर्थ उरणार नाही. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातील बारा धनाढ्य क्लबांनी, ज्यांत इंग्लंडचे सहा होते, स्वतःच्या जागा कायम राखणाऱ्या एका स्वतंत्र स्पर्धेची घोषणा केली. तिच्यामागील प्रेरणा हीच होती की, क्रमांकाची जोखीम आपल्यावर नको. प्रेक्षकांच्या संतापापुढे ती योजना दोन-तीन दिवसांत कोसळली. प्रेक्षकांना घसरण हवी होती. आपला संघ घसरू शकतो, हे मान्य असल्यामुळेच तो वर चढू शकतो हेही त्यांना कळत होते.

परंतु घसरण हवी म्हणजे सर्वनाश हवा असे नव्हे. १९७४ मध्येही शेवटच्या दिवशी लोक श्वास रोखूनच बसत. ती उत्कंठा बक्षिसाच्या रकमेने निर्माण केलेली नव्हती. उलट आजच्या कड्याने स्पर्धेची चुरस वाढण्याऐवजी घटली आहे, असे मानण्यास जागा आहे. २०२३-२४ मध्ये खालून बढती मिळवून आलेले तिन्ही संघ, ल्युटन, बर्नली आणि शेफील्ड युनायटेड, त्याच वर्षी परत गेले. २०२४-२५ मध्ये लेस्टर, इप्सविच आणि साउदॅम्प्टन यांची तीच गत झाली. दोन श्रेणींमधील दरी इतकी रुंद झाली की उडी मारणारा पलीकडे पोहोचेनासा झाला. २०२३ मध्ये बढतीसाठी ल्युटन आणि कॉव्हेंट्री यांच्यात वेम्ब्लीवर अंतिम सामना झाला. विजेत्याला तीन हंगामांत किमान १७ कोटी पौंडांचा लाभ होईल, असा अंदाज डेलॉइट या हिशेबतपासनीस संस्थेने वर्तविला होता. पेनल्टी फटक्यांवर ल्युटन जिंकला. दहा वर्षांपूर्वी हा क्लब लीगच्याही बाहेर होता. त्याने उधळपट्टी केली नाही, हे त्याचे श्रेय. तरीही तो २०२४ मध्ये दुसऱ्या आणि २०२५ मध्ये तिसऱ्या श्रेणीत घसरला.

हवाई छत्रीच्या रकमेने हा दोष दूर होत नाही. तो एक मजला खाली ढकलला जातो. चार-साडेचार कोटींचा आधार असलेले दोन-तीन क्लब आणि एक कोटीच्या आसपास मिळविणारे वीस क्लब एकाच श्रेणीत खेळतात. त्या वीसजणांना बरोबरी करायची तर कर्ज काढणे किंवा धनिक मालक शोधणे याखेरीज मार्ग राहत नाही. पडणाऱ्याला दिलेली मदत उभे असलेल्यांना पाडते. म्हणून छत्री लहान करून तो पैसा सबंध दुसऱ्या श्रेणीत वाटावा, हा उपाय अधिक न्याय्य आहे. कडा नाहीसा होणार नाही, त्याचा उतार होईल. त्याच्या जोडीला प्रत्येक खेळाडूच्या करारात घसरणीनंतर वेतन आपोआप कमी होण्याचे कलम सक्तीचे करता येईल. जे क्लब शहाणे आहेत ते आजही अशी कलमे घालतात. पण शहाणपण ऐच्छिक ठेवले की चढाओढीत ते प्रथम बळी पडते.

हे क्लबांवर सोडून होणारे नाही, हे ब्रिटनच्या संसदेने ओळखले असे दिसते. जुलै २०२५ मध्ये फुटबॉलच्या कारभाराविषयीचा कायदा संमत झाला आणि स्वतंत्र नियामक नेमण्यात आला. क्लबांना परवाने देणे, मालकांची पात्रता तपासणे आणि वरच्या व खालच्या श्रेणींत पैशाच्या वाटपावरून एकमत न झाल्यास शेवटचा निर्णय लावणे, असे अधिकार त्याला देण्यात आले. मुक्त बाजारपेठेच्या मायदेशात फुटबॉलसाठी नियामक नेमावा लागावा, ही घटना बोलकी आहे. या नियामकाची कसोटी एकाच मुद्द्यावर लागेल. प्रीमियर लीगच्या श्रीमंत क्लबांना न रुचणारा वाटपाचा निर्णय देण्याचे धैर्य तो दाखवितो काय?

आपल्याकडील स्थिती याच्या उलट टोकाची आहे, आणि तीही सुखावह नाही. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली ती फ्रँचायझींची. तिच्यात घसरण नव्हतीच. राष्ट्रीय साखळी स्पर्धांत पाच अजिंक्यपदे मिळविलेल्या गोव्याच्या धेंपो क्लबाला आणि त्याच्या बरोबरीच्या साळगावकर व स्पोर्टिंग या क्लबांना आपण जिंकूनही वर जाऊ शकत नाही हे दिसले, तेव्हा २०१६ मध्ये त्यांनी राष्ट्रीय स्पर्धेतून माघार घेतली. क्रमांकाला किंमतच नसेल तर खेळायचे कशासाठी, असा त्यांचा सवाल होता. पुढे आय-लीगच्या विजेत्याला बढती मिळू लागली, आणि लगेच क्रमांकावरून झगडाही सुरू झाला. २०२४-२५ मध्ये गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला प्रथम विजेता घोषित करण्यात आले. जुलै २०२५ मध्ये लोझान येथील क्रीडा लवाद न्यायालयाने ते पद इंटर काशीला दिले. ज्या सुपर लीगच्या दाराशी हा झगडा झाला, तिचीच व्यवस्था त्या महिन्यात करार संपत आल्यामुळे डळमळली आणि काही क्लबांनी वेतन स्थगित केले. घसरणीची भीती नाही म्हणून स्थैर्य येते, या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर कोणते हवे?

दोन्ही देशांचा अनुभव एकच गोष्ट सांगतो. क्रमांकाला किंमत असली पाहिजे, पण ती क्लबाच्या प्राणाइतकी असता कामा नये. जेथे हरण्याने काहीच जात नाही तेथे खेळ निर्जीव होतो. जेथे हरण्याने सर्वस्व जाते तेथे खेळाचा जुगार होतो, आणि त्यात डाव लावणारा एक असतो व डावावर लागते ते दुसऱ्याचे. मालक येतात आणि जातात. ब्लॅकबर्नच्या गिरण्या बंद झाल्या त्याला एक जमाना लोटला. त्या गावातील माणसे आजही शनिवारी दुपारी मैदानाकडे जातात. त्यांच्या दृष्टीने गुणतक्त्यावरचा क्रमांक हा आठवडाभर मिरवण्याचा किंवा सोसण्याचा विषय असतो. तो तेवढाच राहील अशी व्यवस्था करणे, हे इंग्लंडमधील नव्या नियामकाचे आणि आपल्याकडील फुटबॉल महासंघाचे, दोघांचेही काम आहे.